अर्धा तास थांबावं लागतं

मंगळवार होता. सन शहाऐंशीचा एप्रिल. दुपारी एकच्या सुमाराला मी शेजारच्या गावात आडाच्या कठड्यावर उभा राहून पाण्यात टाकायची ब्लिचिंग पावडर कालवून राहिलो होतो, तेव्हा माणिकप्पाचा टँकर आला. भरलेला टँकर दबून येतो. हा खडखडत आला. त्या वेळेला तो भरलेला असायला पाहिजे होता. आडाभोवती घागरी घेऊन बसलेल्या बायका उठल्या आणि टँकर रिकामा आहे हे कळल्यावर शिव्या द्यायला लागल्या.

माणिकप्पानं एकीलाही उत्तर दिलं नाही. एरवी तो एका शिवीला दोन देणारा माणूस. तो खाली उतरला, माझ्या हातातली बादली घेतली आणि कठड्यावर ठेवली.

"केरबा, चल."

"कुठं?"

"लातूरला."

"पंचफुला?" मी विचारलं. सकाळी सहाला घर सोडलं तेव्हा बायकोचं पोट बिघडलेलं होतं. मी आरोग्य सेवक. मीठ-साखरेच्या दोन पुड्या तिच्या उशाला ठेवल्या आणि म्हणालो होतो, पाणी पीत राहा, भरपूर पी, दुपारपर्यंत बरं वाटेल.

माणिकप्पानं मान खाली घातली. "दवाखान्यात नेली होती. न्हाई राहिली."

टँकरमध्ये बसल्यावर त्यानं सांगितलं. आठ वाजता तो आमच्या गावात पाणी सोडायला आला. बायकांनी त्याला सांगितलं, पंचफुलाला उठता येईना, हात-पाय वळून राहिलेत. गावात जीप नाही, एसटी दहाची. त्यानं तिला उचलून केबिनमध्ये घातलं. भरलेला टँकर चढावर चढेना, म्हणून चाकूरच्या अलीकडं त्यानं मागचा व्हॉल्व्ह उघडला आणि सगळं पाणी रस्त्यावर सोडून दिलं. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. लोक रस्त्यावरचं पाणी ताटल्यांनी भरायला धावले, असं तो म्हणाला. साडेनवाला ते लातूरला पोचले. साडेदहाला ती गेली.

हे सगळं मी पुढं पुन्हा सांगणार नाही. पण जे झालं त्याला हे पाणी सोडणंच कारण झालं, म्हणून लिहिलं.

आता दुसरी गोष्ट. ही कुणाला माहीत नाही.

पंचफुलाला पावडरचा वास सहन होत नव्हता. आमचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती आणि नऊ वर्षं ती एकच बोलत होती. चहाला वास, भाताला वास, तुमच्या सदऱ्याला वास. "सगळ्या जगाला वास पाजता अन् घरी येऊन माझ्याच उशाशी निजता," म्हणायची. हसून म्हणायची, पण पाणी खरंच कमी प्यायची. त्या उन्हाळ्यात टँकर सुरू झाल्यावर तर दिवसाला दोन फुलपात्री. ओठ फुटले होते तिचे.

नदीच्या कोरड्या पात्रात, करंजाच्या झाडाखाली, मेंढपाळांनी वाळू उकरून एक झिरा केला होता. तिथलं पाणी गोड. मी रोज सकाळी सायकलला पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा बांधून तिथं जायचो आणि तिच्यापुरतं भरून आणायचो. त्यात पावडर टाकत नव्हतो. साऱ्या गावाला मी सांगायचो, पावडर टाकल्याशिवाय अन् अर्धा तास थांबल्याशिवाय थेंब तोंडात घेऊ नका. घरात मात्र बायको फुलपात्रं तोंडाला लावून सलग प्यायची आणि म्हणायची, "आत्ता कुठं पाणी पिल्यासारखं वाटलं." ते ऐकायला मी सायकल हाणायचो.

चौकशीला साहेब आले तिसऱ्या दिवशी. जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती. कचेरी नवी, जीप नवी, साहेब तरुण. त्यांनी विचारलं, "बाई पाणी कुठलं पीत होत्या?"

मी म्हणालो, "टँकरचं."

"पावडर?"

"ड्रायव्हरकडं दिली होती."

दुसरं उत्तर खरं होतं. पाणी भरतानाच पावडर पडावी म्हणून मी पुड्या माणिकप्पाकडं द्यायचो आणि तो प्रामाणिकपणे टाकायचा. त्या सकाळीही टाकली होती. पण टँकरच्या पाण्याचा नमुना घ्यायचा, तर पाणी होतं कुठं? ते त्यानं माझ्या बायकोसाठी रस्त्यावर ओतलं होतं. साहेबांनी लिहिलं, पावडर टाकली नसावी आणि ते लपवायला पाणी सोडून दिलं असावं. गावात आणखी दोन लेकरांना जुलाब होते. दुष्काळात कुठल्या गावात नसतात? तेही त्यात लिहिलं गेलं. माणिकप्पाचा टँकर बंद झाला.

त्यानंतरच्या रविवारी जलदान विधी झाला. आमच्यात माणूस गेल्यावर सगळ्यांसमोर तांब्यातून थाळीत पाण्याची धार सोडतात, थाळी भरून वाहीपर्यंत. मी धार धरली. पाणी नव्या टँकरचं होतं. माणिकप्पा मांडवाच्या बाहेर, उन्हात उभा होता. आत ये म्हणायला कुणी उठलं नाही. मीही नाही.

मग माझी सासू उठली. सरजाबाई. मुखेडकडची. ती माझी मामी पण लागते, माझ्या सख्ख्या मामाची बायको, म्हणून मला एकेरीच बोलते. ती बाहेर गेली आणि माणिकप्पाच्या समोर उभी राहून म्हणाली, "माझी एकच होती. तुझ्या घरची पाण्याला महाग होऊ दे." तो टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेला.

*

समुद्राची गोष्ट पंचफुलानंच काढली होती, जानेवारीत. रेडिओवर कुणीतरी सांगत होतं, कोकणात समुद्रात एक किल्ला आहे, चारी बाजूंनी खारं पाणी आणि किल्ल्याच्या पोटात गोड्या पाण्याची विहीर. काठावर खाडीचं रान सरकारनं राखून ठेवलंय, पक्षी येतात, कासवं येतात.

ती म्हणाली, "खोटं हाय. खाऱ्यात गोड कसं ऱ्हाईल?"

"असंल."

"मग दाखवा. मी तांब्याभर पिऊन बघणार. तवा खरं मानीन."

नोकरीत चार वर्षांतून एकदा प्रवासाची सवलत मिळते. मी दोघांच्या नावानं अर्ज दिला. उन्हाळा आला, टँकर सुरू झाले, सगळ्यांच्या रजा बंद झाल्या. ती गेली. नोव्हेंबरात मंजुरी आली. कागदावर दोन नावं. केरबा आणि पंचफुला.

कचेरीतल्या शेषेराव कारकुनाला मी म्हणालो, बायकोच्या जागी सासूला नेतो.

तो म्हणाला, "सासू ह्यात बसत न्हाई रे. बायकोच बसती."

मग त्याच्या लक्षात आलं काय बोललो ते, आणि तो शिक्का शोधायला लागला. शिक्का समोरच होता.

मामीचं तिकीट मी वेगळं काढलं. तिला नेण्यामागं माझा हेतू होता. गावात तिला सांगण्याची माझी हिंमत झाली नसती. तिथं सगळे ओळखीचे. दूर गेल्यावर, जिथं कुणी ओळखत नाही, तिथं सांगायचं ठरवलं होतं. एकदा तिला सांगितलं की मग कचेरीत लिहून देणं जमेल. म्हणजे माणिकप्पाचा टँकर पुन्हा सुरू होईल. एवढा साधा हिशेब होता.

निघताना मामीनं पिशवीत पंचफुलाचा पितळी तांब्या घातला. लग्नात तिनंच दिलेला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"पोरीला पिऊन बघायचं होतं ना? मी बघते."

*

दोन गाड्या बदलून पोचलो. किनाऱ्यावर वनखात्याची मोठी पाटी होती. पानं तोडू नका, शिंपले नेऊ नका, पक्ष्यांना दगड मारू नका. मामीला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं.

"एवढं नको-नको आमच्या गावातल्या पाटलानं बी लावलं न्हवतं," ती म्हणाली.

समुद्र दिसताच मामीनं पिशवी माझ्याकडं दिली. पदर कमरेला खोचून पुढं गेली, वाकून ओंजळ भरली, जिभेला लावली आणि थुंकली. "एवढं पाणी अन् एक घोट कामाचा न्हाई." मग बराच वेळ उभी राहिली. मी मागं उभा होतो. म्हटलं, आता सांगावं. तेवढ्यात वाटाड्यानं हाक मारली.

वाटाड्या पन्नाशीचा होता, खाकी चड्डी, गळ्यात शिट्टी. आमच्याबरोबर कोल्हापूरकडची सहा-सात माणसं होती. त्यानं आधी खाडीचं रान दाखवलं. तिवराची झाडं चिखलात उभी, त्यांची मुळं जमिनीतून उलटी वर आलेली, बोटाएवढी, हजारो. श्वास घ्यायला वर येतात, तो म्हणाला. हे झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानातून बाहेर टाकतं. पान तोडायचं नाही, पण जीभ लावून बघा.

मामीनं खरंच वाकून झाडावरच्या पानाला जीभ लावली. "मीठ हाय रं केरबा!" आणि वाटाड्याला म्हणाली, "दादा, ह्याचं एक रोप आम्हाला द्या. आमच्याकडं ह्यालाच नोकरीला ठेवू. पाणी मागत न्हाई, वर मीठ देतंय."

सगळे हसले. तीही हसली. आठ महिन्यांनी तिला हसताना बघत होतो. म्हटलं, आत्ता नको. किल्ल्यावर सांगू.

होडीनं किल्ल्यात गेलो. वाटाड्यानं तोफा दाखवल्या, कोठारं दाखवली, कुठल्या बाजूनं गोळे आले ते दाखवलं. कोण कुणाशी लढलं ते मी ऐकलं नाही. मामी मात्र एक-एक भिंत हातानं चाचपून बघत होती. दगडांच्या सांध्यात काय भरलंय असं तिनं विचारलं. शिसं, तो म्हणाला. "आमच्या शाळेच्या खोलीत वाळू भरलीय," मामी म्हणाली. "पहिल्याच पावसात पडली असती. पाऊसच आला न्हाई म्हणून उभी हाय."

मग विहीर आली.

मोठी, गोल, दगडी पायऱ्यांची. पाणी हिरवं, काठाला शेवाळ, एका कोपऱ्यात कबुतराची पिसं तरंगत होती. मी बघितलं ते एवढंच. बाकीचे वा वा करत होते. वाटाड्यानं बादली सोडली, भरून वर काढली.

"घ्या मंडळी. चारी बाजूंना समुद्र आणि मध्ये हे अमृत. चाखून बघा."

कोल्हापूरची माणसं ओंजळी पुढं करून प्यायला लागली. साखरेसारखं आहे म्हणाली. मामीनं पिशवीतून तांब्या काढला. वाटाड्यानं भरून दिला. तिनं डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली आणि तांब्या उचलला.

मी तिचं मनगट धरलं.

"थांब मामी."

"काय झालं?"

मी वाटाड्याला विचारलं, "ह्यात पावडर टाकता का?"

"काय?"

"टीसीएल. ब्लिचिंग पावडर. विहिरीत."

त्याला आधी समजलंच नाही. समजल्यावर राग आला. "पाहुणे, तीनशे वर्षं लोक हे पाणी पितायत. राजे पिऊन गेले."

"राजे कशानं मेले ते लिहून ठेवलंय का कुणी?"

"कुठले तुम्ही?"

"लातूरचे."

"हां, म्हणजे दुष्काळातले." तो बाकीच्यांकडं बघून हसला. "तुमच्याकडं पाणी आहे का पावडर टाकायला?"

सगळे हसले. मामीला ते आवडलं नाही. ती म्हणाली, "आमच्याकडं पावडर हाय, पाणी न्हाई. तुमच्याकडं पाणी हाय, पावडर न्हाई. सोयरीक करून टाका, दोघांचं भागंल."

तेव्हा तेही हसले आणि तो विषय तिथंच संपला असता. पण मी खिशातून बाटली काढली. पावडरचं पाणी, लहान बाटलीत. नोकरीमुळं ती माझ्याजवळ असतेच. तांब्यात मोजून थेंब टाकले, काडीनं ढवळलं.

"आता अर्धा तास थांबायचं," मी म्हणालो.

वाटाड्यानं कपाळाला हात लावला आणि बाकीच्यांना घेऊन बुरुजाकडं गेला. आम्ही दोघं विहिरीच्या कठड्यावर बसलो. मधे तांब्या.

याच वेळेची मी वाट बघत होतो. कुणी ओळखीचं नाही, अर्धा तास हातात आहे.

मामीच बोलायला लागली. "मी गेले होते त्याच्या घरी."

"कुणाच्या?"

"माणिकप्पाच्या. दिवाळीच्या आधी. म्हटलं बघावं, कसा ऱ्हातो. टँकर दारात उभा हाय, चाकं काढून. कोंबड्या बसत्यात त्यात. बायको दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाती. मला बघून ती आत गेली अन् पाणी घेऊन आली. मी तिच्या हातचं पाणी पिले न्हाई. तिच्या दारात ओतून आले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?"

मी म्हणालो, "मामी, पंचफुलाला पावडरचा वास चालत नव्हता."

"मला सांगून राहिलास? ल्हानपणी निळीत बुडवलेला परकर नेसत न्हवती, वास येतो म्हणून."

"म्हणून मी..."

"म्हणून तू काय?"

पुढचे शब्द माझ्याजवळ तयार होते. आठ महिने ते मी मनात लावून ठेवले होते. झिरा. सायकल. डबा. तीनच शब्द. पण मला तिनं दारात ओतलेलं पाणी दिसायला लागलं. ते पाणी आता माझ्यावर पडणार होतं, आणि त्यानंतर मला या जगात मामी म्हणून हाक मारायला कुणी राहणार नव्हतं.

"म्हणून काही नाही," मी म्हणालो.

अर्धा तास झाला. मी घड्याळ दाखवलं. मामीनं तांब्या उचलला, एक घोट घेतला. तोंडात धरला. गिळला. मग तांब्याच्या आत नाक घालून वास घेतला.

"हेच पाजत होतास का तिला?"

"हाव."

"रोज?"

"हाव."

ती माझ्याकडं बघायला लागली. तिचे डोळे बारीक आहेत आणि उन्हानं आणखी बारीक झालेले.

"केरबा, ती माझ्या पोटची हाय. असलं पाणी ती पिलीच नसती. ओठ फुटून मेली असती, पर पिली नसती."

मी घड्याळाची चावी फिरवली.

"मग काय पीत होती?"

बुरुजावर वाटाड्याची शिट्टी वाजली. परत फिरा म्हणून. भरती यायची होती.

"टँकरचंच," मी म्हणालो. "दुसरं कुठलं असणार?"

तिनं तांब्या उलटा केला. पाणी दगडावरून वाहत विहिरीतच परत गेलं. तांब्या पदरानं पुसला, आतून, बाहेरून, आणि पिशवीत न घालता हातातच धरून बसली. होडीतही तसाच. होडीत कोल्हापूरच्या एका बाईनं तिला विचारलं, "गोड होतं ना हो पाणी?" मामी म्हणाली, "आमच्या जावयाला विचारा. त्याला पाण्यातलं कळतं."

*

येताना गाडीत ती झोपली किंवा झोपल्यासारखी पडून राहिली. लातूरच्या स्टँडवर मी तिला मुखेडच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून तिनं तांब्या माझ्याकडं दिला.

"तुझ्याजवळ ठेव. मला नको."

"पंचफुलाचा आहे, मामी."

"म्हणूनच म्हणते."

गाडी सुटली. त्यानंतर ती आमच्या गावात एकदाच आली. मी तीनदा मुखेडला गेलो. चहा दिला, जेवायला वाढलं, पाणी मात्र मला स्वतः माठातून घ्यायला सांगितलं. पहिला वर्षदिवस झाला तेव्हा जलदानाला तिनं धार धरली नाही, मागं बसून राहिली. माणिकप्पा या वेळी मांडवाच्या बाहेरही नव्हता. त्यानं टँकर भंगारात दिला आणि तो उदगीरकडं कुणाच्या तरी ट्रकवर हमाली करतो, असं ऐकलं.

झिरा आटला. करंज आहे.

मी अजून गावोगाव पावडर टाकतो. बायका नाकाला पदर लावतात आणि शिव्या देतात. मी त्यांना सांगतो, अर्धा तास थांबावं लागतं. घरातल्या माठातही टाकतो आता. एकट्यासाठी. तो वास मला येत नाही, कधीच आला नाही, म्हणून तिला काय होत होतं ते मला कळलं नसावं.

प्रवासाचा कागद माझ्याकडं आहे. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर मी साहेबांच्या नावानं अर्ज लिहायला घेतला होता. "विनंती अर्ज" एवढं लिहून झालं आहे. माणिकप्पाच्या टँकरचं पाणी चांगलं होतं आणि माझ्या बायकोनं ते प्यालेलं नव्हतं, हे मी अजून लिहून दिलेलं नाही.